शनिवारी घर मॅचला बसतं तेव्हा: अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल आणि त्यात वाढणारी मुलं

सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात मुलांकडे अमेरिकेला आलेल्या आई-वडिलांना एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. आठवडाभर ऑफिस, शाळा, डबे आणि होमवर्क यांत बुडालेलं घर शनिवारी सकाळी एकाच रंगाचं होऊन बसतं. लेक, जावई, नातवंडं, सगळ्यांच्या अंगात एकाच कॉलेजचे शर्ट. बाराच्या ठोक्याला टीव्ही लागतो तो साडेतीन-चारशिवाय बंद होत नाही. एरवी चार शब्दांत आटपणारा जावई उभा राहून ओरडतो, आणि पाच वर्षांची नात त्याच्या शेजारी उभी राहून तेच शब्द त्याच आवेशात ओरडते. ज्या कॉलेजसाठी हे चाललंय तिथं घरातलं कुणी शिकलेलं असेलच असंही नाही.

त्यात आता बातम्यांची भर पडली आहे. 2025 च्या जुलैपासून अमेरिकी विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू लागले. ज्याच्या नावाची जर्सी मुलाने वाढदिवसाला हट्टाने मागून घेतली, तो खेळाडू पुढच्या मोसमात भलत्याच रंगात दिसतो. मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत आहे.

मी मिशिगनमध्ये राहते, आमचं घर अशा घरांपैकीच एक आहे, आणि ही आवड मुलांच्या भल्याची ठरू शकते असं मला मनापासून वाटतं. पण ती आपोआप भल्याची ठरत नाही. मुलांच्या पदरात काय पडतं, ते बरंचसं टीम हरल्यावर घरातली मोठी माणसं कशी वागतात त्यावर ठरतं. ते कसं, हे मुळापासून सांगते.

## आधी खेळ

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू लांबुळका असतो आणि बराचसा वेळ तो हातातच असतो. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. सरकत सरकत शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर एक किंवा दोन जादा गुण मिळवायची संधी. तिथवर पोचता येत नसेल तर दोन खांबांमधून लाथेने चेंडू उडवून तीन गुण. एवढं कळलं की बाकीचं बघता बघता कळतं.

खेळाचं घड्याळ पंधरा मिनिटांच्या चार भागांचं, म्हणजे एका तासाचं. पण ते सारखं थांबतं, त्यामुळे मॅच सव्वातीन-साडेतीन तास चालते. घरात लहान मूल असेल तर हा आकडा महत्त्वाचा, कारण दुपारचं जेवण आणि झोप दोन्ही त्यातच येतात.

पहिली कॉलेज मॅच 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाली. एनएफएल ही व्यावसायिक लीग सुरू झाली 1920 मध्ये. म्हणजे पैशासाठी खेळणारे संघ रुजले तोवर कॉलेजच्या मॅचला अर्ध्या शतकाची परंपरा झालेली होती.

## व्यावसायिक संघ सोडून कॉलेजच का?

अमेरिकेचे व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत आहेत. नेब्रास्का, अलाबामा, आयोवा या राज्यांत एनएफएलचा एकही संघ नाही. तिथल्या माणसाला आपलं म्हणायला जे आहे ते राज्याचं विद्यापीठ. नेब्रास्का विद्यापीठाच्या लिंकन गावातल्या स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक घरच्या मॅचला संपत आली आहेत. मॅचच्या दिवशी त्या स्टेडियममध्ये एवढी माणसं असतात की ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातली तिसरी मोठी वस्ती तीच.

आमच्याकडचं उदाहरण घ्या. अ‍ॅन आर्बर हे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गाव, आणि तिथल्या मिशिगन स्टेडियमची क्षमता आहे 1,07,601. वानखेडेच्या तिपटीहून जास्त. आपल्या वाचकाला हे समजायला गावची जत्रा डोळ्यासमोर आणावी. ग्रामदैवत गावातच असतं, पण जत्रेला मुंबई-पुण्याला गेलेले सगळे परततात. पोटापाण्यासाठी लांब गेलेला माणूस रजा काढून येतो, पालखीला खांदा देतो, आपल्या मुलाला देवळाची पायरी दाखवतो. कॉलेजचा शनिवार तसा आहे. ‘होमकमिंग’ म्हणून मोसमातली एक मॅच तर मुद्दाम जुन्या विद्यार्थ्यांच्या परतण्यासाठीच राखलेली असते. मॅचच्या आधी स्टेडियमबाहेर गाड्यांची मागची दारं उघडून, शेगड्या मांडून, चार-चार तास एकत्र खाणं-पिणं चालतं, त्याला ‘टेलगेट’ म्हणतात. पुष्कळ घरांत दरवर्षीची ठरलेली तिकिटं आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेली असतात. शेजारच्या खुर्चीवरचं कुटुंबही तेच, वर्षानुवर्षं.

म्हणूनच संघ सलग पाच वर्षं हरत असला तरी माणसं सोडून जात नाहीत. पीक बुडालं त्या वर्षीही जत्रा होतेच.

आणि वैर! मिशिगन आणि ओहायो स्टेट (शेजारच्या ओहायो राज्यातलं विद्यापीठ) यांचे संघ पहिल्यांदा भिडले 1897 मध्ये. 1918 पासून कोविडचं 2020 साल सोडलं तर दरवर्षी भिडत आले आहेत. ती मॅच नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, भर दुपारी असते. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारलेली दिसते. पाट्या वाचत शाळेत जाणाऱ्या पहिलीतल्या मुलाला तो आठवडा किती गमतीचा वाटत असेल बघा.

## मूल टीम निवडत नाही

ते टीममध्येच जन्माला येतं. दवाखान्यातून घरी आणताना अंगात संघाच्या रंगाचं झबलं असतं, पाळण्यावर झेंडा असतो. बोबड्या बोलात बडबडगीताआधी विद्यापीठाचं गाणं येतं. यात वाईट काहीच नाही. भाषा, देव, जेवणाची चव हे सगळं मुलाला असंच न विचारता मिळतं. पण न विचारता दिलेल्या गोष्टीची जबाबदारी देणाऱ्यावर असते.

मूल काय काय उचलतं, याबद्दल दोन जुने प्रयोग मला फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला 1976 मध्ये प्रसिद्ध झालेला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कपड्यांची नोंद ठेवली. शनिवारी संघ जिंकलेला असेल तर विद्यापीठाचं नाव-चिन्ह असलेले कपडे जास्त दिसायचे. मॅचबद्दल बोलतानाही विजय झाला की ‘आपण’, आणि पराभव झाला की ‘ते’. यशाच्या उजेडात उभं राहावंसं सगळ्यांनाच वाटतं. घरात मात्र आपण मुलाला उलट सवय लावू शकतो: हरल्यानंतरच्या सोमवारीसुद्धा तोच शर्ट घालून शाळेत जायचं. दिसायला छोटी गोष्ट आहे. पण वर्गात चिडवलं जाणार हे ठाऊक असूनही तो शर्ट घालणारं मूल त्या दिवशी काहीतरी मोठं शिकून येतं.

दुसरा प्रयोग 1951 च्या डार्टमथ विरुद्ध प्रिन्स्टन मॅचवरचा. मॅच धसमुसळी झाली, दोन्हीकडच्या खेळाडूंना दुखापती झाल्या. अ‍ॅल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना त्याच मॅचची तीच फिल्म दाखवून आगळिका मोजायला सांगितल्या. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाच्या जेवढ्या चुका दिसल्या, त्याच्या दुपटीहून जास्त चुका प्रिन्स्टनच्या मुलांना दिसल्या. कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला खरोखरच वेगळी मॅच दिसत होती.

आता शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा विचार करा. पंचाने आपल्या विरुद्ध निर्णय दिला की बाबा दर वेळी ‘चोर आहे’ म्हणत असतील, तर मुलाच्या मनात पंच, मग शाळेतल्या बाई, मग कुठलाही नियम लावणारा माणूस, सगळे त्याच खात्यात जमा होतात. आमच्याकडे एक रीत आहे आणि ती मी कुणालाही सुचवीन. वादाचा निर्णय आला की फेरदृश्य लागायच्या आत प्रत्येकाने आपला निवाडा बोलायचा, आणि मग पडद्यावर बघायचं. आपल्या संघाची चूक असेल तर ती मोठ्यांनी आधी, मोठ्याने कबूल करायची. मुलांना याची फार लवकर गोडी लागते. आमची मुलगी तर आता आमच्याच खेळाडूंच्या आगळिका पंचाआधी ओळखते.

## हरल्यानंतरचे दोन तास

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या ओझकान एरेन आणि नासी मोकन या दोन अर्थतज्ज्ञांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी त्या राज्यातल्या बाल न्यायालयांचे अनेक वर्षांचे निकाल तपासले आणि ते त्यांच्याच विद्यापीठाच्या फुटबॉल निकालांशी ताडून पाहिले. विद्यापीठाचा संघ अनपेक्षितपणे हरला, तर पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांनी मुलांना दिलेल्या शिक्षा जास्त लांब निघाल्या. त्याच विद्यापीठातून पदवी घेतलेल्या न्यायाधीशांच्या बाबतीत हा परिणाम ठळक होता, आणि त्याचा भार जास्त करून कृष्णवर्णीय मुलांवर पडला. शिकलेली, जबाबदार, कायदा जाणणारी माणसं ती. सोमवारी खुर्चीवर बसताना शनिवारची मॅच आपल्या हातातल्या लेखणीत उतरली आहे, हे त्यांना कळलंही नसेल. शिक्षा भोगणाऱ्या पोरांचा त्या मॅचशी काडीचा संबंध नव्हता.

दुसरा अभ्यास व्यावसायिक फुटबॉलवरचा आहे, पण घराशी थेट संबंधित. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी 2011 मध्ये दाखवलं की जिंकायचीच अशी अपेक्षा असलेला स्थानिक संघ हरला, की पुरुषांनी घरात बायको किंवा मैत्रिणीवर हात उगारण्याच्या नोंदी सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात, आणि ही वाढ मॅच संपण्याच्या आसपासच्या थोड्या वेळातच दिसते. अटीतटीची होणार हे आधीच ठाऊक असलेली मॅच हरली तर तसं होत नाही. म्हणजे घात करते ती भंगलेली अपेक्षा.

यातून घरासाठी काय घ्यायचं? एक तर, मॅचच्या आधी मुलांसमोर ‘आज तर जिंकलेलंच आहे’ असं म्हणणं सोडायचं. समोरच्या संघात चांगलं काय आहे हे सकाळी पोहे खाताना बोलायचं. दुसरं, शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच काहीही ठरवायचं नाही. मुलाचं प्रगतिपुस्तक, सांडलेलं दूध, भावंडांचं भांडण, जे असेल ते थोडं थांबू शकतं. उठून बाहेर जावं, पानं गोळा करावीत, कुत्र्याला फिरवून आणावं, मुलालाही सोबत न्यावं. वडिलांना वाईट वाटलंय हे मुलाला दिसू द्यायला हरकत नाही, दिसायलाच हवं. ‘मला फार वाईट वाटतंय, थोडा वेळ गप्प बसतो, मग आपण जेवायला बसू’ हे वाक्य ऐकलेल्या मुलाला वाईट वाटणं आणि वाईट वागणं यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. आणि ज्या घरात मॅच हरल्यावर कुणाला भीती वाटते, तिथं प्रश्न फुटबॉलचा राहिलेला नसतो. तिथं मदत मागायला हवी, आणि लगेच.

30 नोव्हेंबर 2024 ची मॅच या संदर्भात आठवते. ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये, त्यांचंच पारडं फार जड मानलं जात होतं, आणि मिशिगनने ती 13-10 अशी जिंकली. त्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी मिरपुडीचा फवारा मारला, आणि दोन्ही विद्यापीठांना एक-एक लाख डॉलर दंड झाला. लाखो मुलं ते बघत होती. त्या दिवशी आमच्या बाजूच्या घरांत आनंद होता, आणि मला वाटतं खरी परीक्षा आमचीच होती: जिंकलेल्या घराने मुलाला सांगायला हवं होतं की झेंडा रोवायला जाणं चुकीचं होतं. हरलेल्याला डिवचायचं नाही, हे पराभव पचवण्याइतकंच शिकवावं लागतं. तोच ओहायो स्टेटचा संघ पुढे 20 जानेवारी 2025 रोजी नोत्र दाम विद्यापीठाला 34-23 असं हरवून राष्ट्रीय विजेता झाला. देशातल्या बारा संघांची बाद फेरी त्याच मोसमात सुरू झाली होती. आधीच्या चार संघांच्या पद्धतीत नोव्हेंबरचा तो पराभव बहुधा त्यांना बाहेरच काढून गेला असता.

## एवढा त्रास असेल तर बघायचंच कशाला?

हा प्रश्न आजी-आजोबा विचारतात, आणि रास्त आहे. माझं उत्तर आयोवापासून सुरू होतं.

आयोवा सिटीतल्या किनिक स्टेडियमला लागूनच विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय आहे. 2017 मध्ये ही नवी इमारत सुरू झाली, आणि तिच्या वरच्या मजल्याच्या काचांमधून थेट मैदान दिसतं. त्या वर्षी एका प्रेक्षकाने सुचवलं की मॅचचा पहिला भाग संपला की सगळ्यांनी वर बघून हात हलवावा. तेव्हापासून प्रत्येक घरच्या मॅचला पहिला भाग संपतो आणि सत्तर हजारांच्या आसपास माणसं, दोन्ही संघांचे खेळाडू, कोच, पंचसुद्धा, वळून इमारतीकडे हात हलवतात. काचेमागे सलाइन लावलेली, टोपी घातलेली, आईच्या कडेवरची मुलं हात हलवून उत्तर देतात. पाहुणा संघही थांबतो. हे बघताना घरातलं मूल विचारतं, ‘ती मुलं तिथं का आहेत?’ आणि त्या एका प्रश्नावर संध्याकाळभर बोलणं होतं. केवळ प्रवचन देऊन हे बोलणं मी घडवू शकले नसते.

दुसरं कारण साधं आहे. चौदा वर्षांचा मुलगा आई-बाबांशेजारी साडेतीन तास बसतो, अशी दुसरी कुठली जागा उरली आहे? जाहिरातींच्या मध्ये, समोर बघत, त्याच्या मनातलं बाहेर येतं. समोरासमोर बसवून विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं. शाळेतला एखादा मित्र तुटलाय, गणिताची भीती बसलीय, हे मला माझ्या मुलाकडून असंच तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मधल्या वेळात कळत गेलं.

आणि यात आता पुण्याचे आजोबाही आहेत. आमच्या दुपारी बाराची मॅच भारतात रात्री साडेनऊला सुरू होते, नोव्हेंबरमध्ये इथलं घड्याळ बदललं की साडेदहाला. त्यांनी चार प्रयत्नांचा नियम एकदा समजून घेतला आणि आता नातवाशी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचं बोलणं ‘जेवलास का’च्या पुढे गेलं आहे.

## शनिवारचे बाकीचे उद्योग

नियमित मोसमात संघाच्या बारा मॅच असतात, त्यांतल्या साधारण सहा ते आठ घरच्या. म्हणजे वर्षातले बारा-तेरा शनिवार. अभ्यास बुडतो ही तक्रार त्या हिशेबात टिकत नाही. शुक्रवारी संध्याकाळी होमवर्क संपवायची अट घातली की झालं.

खरी ओढाताण वेगळी आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळांचे गणपती, भोंडला, दिवाळीचे कार्यक्रम शनिवार-रविवारीच होतात आणि ते नेमके याच तीन महिन्यांत येतात. मुलाला दर वेळी ‘मॅच की दिवाळी’ असं निवडायला लावलं तर दोन्हींवरचं मन उडतं. ऑगस्टमध्येच दोन्ही वेळापत्रकं फ्रिजवर शेजारी लावावीत. मॅचच्या वेळा बऱ्याचदा जेमतेम आठवडा-दोन आठवडे आधी ठरतात, पण तारखा आधी कळलेल्या असतात. नाटुकल्यात काम असेल त्या दिवशी मॅच रेकॉर्ड करायची आणि घरी येईपर्यंत कुणीही फोन बघायचा नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू.

लहान बाळ घेऊन स्टेडियममध्ये जाणार असाल तर कानांवर आवाज रोखणारे हेडफोन हवेतच. गर्दीचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. अनेक ठिकाणी फक्त पारदर्शक पिशवी आत नेता येते आणि तान्ह्या बाळालाही तिकीट लागू शकतं, तेव्हा नियम आधी बघून ठेवा.

## मूल म्हणालं, मलाही खेळायचंय

इथं मी सावध आहे. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदूचा एक ऱ्हास होतो, त्याला सीटीई म्हणतात. भोवळ आणणारा एखादाच मोठा फटका नव्हे, तर रोजच्या सरावातले लहान लहान धक्केही त्याला कारण ठरतात. निश्चित निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. बोस्टन विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात कॉलेज पातळीपर्यंत खेळलेल्या 53 जणांपैकी 48 जणांच्या, आणि एनएफएलमध्ये खेळलेल्या 111 पैकी 110 जणांच्या मेंदूत तो आढळला. हे मेंदू मुख्यतः लक्षणं पाहून काळजीत पडलेल्या कुटुंबांनी दान केलेले होते, त्यामुळे सगळ्याच खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. तरीही आकडा डोळ्याआड करण्यासारखा नाही.

‘मग बघता कसं?’ असं माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. वीस वर्षांचा तरुण समजून-उमजून खेळतो, आठ वर्षांच्या मुलाचा निर्णय आपण घेत असतो, हा फरक मी मानते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2015 मध्ये डोक्यावरचे बेकायदा आघात अजिबात खपवून घेऊ नयेत आणि अंगावर आदळण्याशिवायच्या लीग वाढवाव्यात असं म्हटलं. त्यासाठी फ्लॅग फुटबॉल आहे: पाडायचं नाही, चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची फीत ओढली की तो प्रयत्न तिथंच संपतो. मुलीही खेळतात, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोन्ही गटांत हा खेळ आहे. आमच्या घरात पाडापाडीच्या फुटबॉलला नाही, फ्लॅगला हो, असं ठरलेलं आहे, आणि त्यावर पुन्हा वाद होत नाही.

## खेळाडूंना पैसे मिळू लागले, मग निष्ठा कुठे राहिली?

थोडा इतिहास सांगते. अनेक दशकं नियम असा होता की कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळणार नाही. कोचला मात्र कोट्यवधी डॉलर. कित्येक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा कोचच. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नाव-चेहऱ्याच्या जाहिरातीतून कमवायची मोकळीक मिळाली, तिला एनआयएल म्हणतात. मग 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी लावलेल्या खटल्यातल्या एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. तिच्यानुसार प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंमध्ये वाटू शकतं, आणि जुन्या खेळाडूंना सुमारे 2.8 अब्ज डॉलर भरपाई मिळायची आहे. जोडीला ‘ट्रान्सफर पोर्टल’ आहे: त्यात नाव नोंदवून खेळाडू दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतो.

ज्यांच्या घामावर एवढी स्टेडियमं भरली त्यांना वाटा मिळाला, हे मला न्याय्य वाटतं, आणि मुलालाही मी तसंच सांगते. तुझा लाडका खेळाडू गेला, कारण त्याला तिकडे जास्त खेळायला मिळणार आहे, त्याच्या घराला पैसे हवे आहेत, किंवा त्याचा कोच तिकडे गेलाय. बाबांनीही नोकरी बदलली होतीच. लहान मुलांना हे आपल्याहून लवकर पटतं. जर्सी घ्यायचीच तर नावाविना घ्यावी, हा त्यातला व्यवहाराचा भाग.

पैशाची एक बाजू मात्र मला फार खटकते, ती सट्ट्याची. 2018 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळांवरची बेटिंग कायदेशीर करायची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती केली. आता मॅचच्या मध्ये बेटिंगच्या जाहिराती लागतात आणि समालोचकही भाव सांगतात. बेटिंगचं वय बहुतेक ठिकाणी 21 आहे, पण दहा वर्षांचं मूल ती भाषा ऐकतंच. घरात पैसे लावून मॅच बघायची नाही, गंमत म्हणूनही नाही, हे मी ठामपणे सांगेन. चुकलेल्या एका लाथेवर घरातल्या माणसाचे पैसे अडकले असतील, तर वर सांगितलेलं हरल्यानंतरचं सगळं शहाणपण त्याच्या हातून निसटतं.

## मूल वेगळ्या रंगाचं निघालं तर?

दोन तऱ्हा असतात. काही मुलांना मॅच आवडतच नाही. त्यांना शेजारी बसवण्याची सक्ती करू नये. एक खोली शांत ठेवावी, आणि अशा मुलाला शनिवारचा दुसरा काहीतरी हक्काचा वेळ द्यावा, नाहीतर घराचा अर्धा दिवस आपल्याशिवाय चालतो असं त्याच्या मनात बसतं. आमच्या ओळखीच्या एका घरात धाकटी मुलगी मॅचच्या वेळी आजीबरोबर शंकरपाळे करते, आणि मधल्या सुटीत ते सगळ्यांना वाटायला येते. तिचा शनिवारही भरलेला असतो.

दुसरी तऱ्हा जास्त नाजूक. मूल सतरा वर्षांचं होतं आणि नेमकं प्रतिस्पर्धी विद्यापीठात जायचं म्हणतं. इथं मी आई-वडिलांना कळकळीने सांगते, शर्टाचा रंग या निर्णयाच्या जवळपासही येऊ देऊ नका, थट्टेतही नाही; थट्टा मुलांना खरी वाटते. सरकारी विद्यापीठात स्वतःच्या राज्यातल्या विद्यार्थ्याची फी बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी असते. हवा तो विषय, प्राध्यापक, शिष्यवृत्ती, घरापासूनचं अंतर हे बघायचं. एका खिडकीत दोन विद्यापीठांचे झेंडे लावणारी घरं इथं पुष्कळ आहेत, आणि नोव्हेंबरच्या त्या शनिवारी ती एकाच सोफ्यावर बसतात.

अर्जांची पहिली मुदत अनेक विद्यापीठांत 1 नोव्हेंबरच्या सुमाराला असते, म्हणजे ऐन मोसमात. कॅम्पस बघायला जाणार असाल तर मॅच नसलेल्या आठवड्यात, शक्यतो मंगळवारी-बुधवारी जा. हॉटेलं स्वस्त मिळतात, आणि वाचनालय, वसतिगृह, बसची रांग, मेसमधलं शाकाहारी जेवण हे सगळं जसं आहे तसं दिसतं. मुलाला एखाद्या वर्गात तासभर एकटंच बसू द्या, आणि तुम्ही बाहेर थांबा.